दिवस बेतताना थोडी माया सोडा

तुमचा प्रश्न असा: "सकाळी यादी करते, रात्री निम्मी तशीच उरते. टाइमटेबल केलं की तीन दिवसांत मोडतं. घर, मुलं आणि घरचा छोटा व्यवसाय एकटीनं बघणाऱ्या बाईला वेळेचं नियोजन खरंच जमतं, की ती सगळी ऑफिसवाल्यांची चैन?"

मी सांगलीत, विश्रामबागेत, घरी ब्लाउज शिवते. अकरा वर्षं झाली. माझं टाइमटेबलसुद्धा तीनच दिवस टिकायचं, त्यामुळे मी शहाणपण शिकवायला आले नाही, फजिती सांगते.

दोन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला मी चौदा ब्लाउज कबूल करून बसले होते. त्याच सुमाराला मोबाइलवर एक व्हिडिओ बघून टाइमटेबल केलं. पाचला उठणे, सातपर्यंत कटिंग, दुपारी दोन ब्लाउज, रात्री एक. रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर चिकटवलं. सोमवार झकास गेला, मंगळवार बरा. बुधवारी धाकट्याला ताप, गुरुवारी पाहुणे, आणि शुक्रवारी त्याच कागदाच्या पाठीवर मी किराणाची यादी लिहिली. तेरा ब्लाउज कसेबसे गेले. चौदावा खुद्द नवरीचा, तो बिनहुकाचा गेला आणि हॉलवर तिच्या मावशीनं उभ्या उभ्या हूक लावले. त्या मावशी अजून भाजी घेताना दिसल्या की मी शेजारच्या गल्लीत वळते.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात आली. गिऱ्हाइकाचं माप मी टेपनं घेते, आणि स्वतःच्या दिवसाचं नुसतं नजरेनं.

मग मापाच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आठवडाभर लिहून काढलं, किती वाजता काय केलं ते. माझा वर्षानुवर्षांचा हिशेब होता की अस्तराचा साधा ब्लाउज म्हणजे दीड तास. मशीनवर तेवढाच लागतो, ते खोटं नाही. पण कटिंग, अस्तराला इस्त्री, दोरा बदलणं, हूक, तुरपाई आणि मधे दोनदा वाजणारी दाराची बेल धरली तर तीन तास दहा मिनिटं! म्हणजे दिवसाला तीन ब्लाउजांचं जे टाइमटेबल मी फ्रिजवर लावलं होतं, ते साडेनऊ तासांचं काम होतं. स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास वेगळाच. मोडणार नाही तर काय.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर हसली आणि म्हणाली, मावशी, याला नाव आहे, प्लॅनिंग फॅलसी, म्हणजे बेत करतानाची फसगत. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली यावर लिहिलंय. माणूस कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असंच चित्र डोळ्यापुढं आणतो, मागच्या वेळी किती लागले ते बघत नाही. तिनं १९९४ सालचा एक अभ्यासही सांगितला. कॉलेजच्या मुलांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. आणि सगळंच बिघडलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे आपली वाईटात वाईट कल्पनासुद्धा तोकडीच पडते. ऐकून मला जरा बरं वाटलं, नुसता माझाच आळस नव्हता तर.

आता उपाय. तो मला शिवणातच सापडला, आणि शब्दसुद्धा मराठीत आयते आहेत. कापड आपण बेततो, आणि कामाचाही बेतच करतो. ब्लाउज बेतताना बाजूला इंचभर माया सोडतो ना, बाई जाडी झाली तर उसवून सैल करायला? दिवसाला मात्र आपण माया सोडत नाही. काठाला काठ लावून शिवतो, मग एक पाहुणा आला की टराटरा फाटतं. सकाळी अकरा ते साडेतीन हे माझे साडेचार तास. त्यातले मी फक्त तीनच कबूल करते, म्हणजे एक ब्लाउज. दीड तास माया. सिलिंडरवाला, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेतून आलेला फोन, सगळं त्यात बसतं. नाहीच आलं काही, तर उद्याचं कटिंग करून ठेवते.

घड्याळ लावून कामं ठरवणं मी सोडूनच दिलं. सव्वासहा म्हटलं की साडेसहा होतात आणि मग पुढचं सगळं पत्त्याच्या बंगल्यासारखं. त्याऐवजी अमुक झालं की तमुक. व्हॅन गेली की इस्त्री तापवायची, कुकर लावला की कालच्या ब्लाउजची तुरपाई. लाइट जाणार असा मेसेज आला की त्या वेळेला हातकामाचं गाठोडं बाहेर, कारण मशीनला मोटर आहे. पाणी, व्हॅन, लाइट या गोष्टी काही माझ्या ऐकण्यातल्या नाहीत. मग त्यांनाच खुंट्या समजून कामं अडकवते.

एका जातीची कामं एकत्र करा, हे सगळेच सांगतात, तुम्हीही ऐकलं असेल. मला त्याचा खरा अर्थ कापडपेठेच्या रिक्षात कळला. पूर्वी एकेका ब्लाउजच्या अस्तरासाठी विश्रामबागेतून पेठेत जायचे. जाऊन येऊन दीड तास, शिवाय गेल्यासारखं हरभट रोडला चक्कर. आता फक्त बुधवार. आठवड्याच्या सगळ्या साड्यांच्या चिंध्या एका पुठ्ठ्याला टाचून नेते. शिवायलाही रंगानं घेते, लाल-मरून एका बैठकीत, हिरवे दुसऱ्या. दर वेळी वरचा दोरा आणि बॉबीन बदलण्यात पाच-सात मिनिटं जातात, पण त्याहून जास्त जातं ते लागलेलं ध्यान. फोनचंही तेच. गिऱ्हाइकांना उत्तरं दिवसातून दोनदा, मधल्या वेळात फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, हे तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून अभ्यास सुरू केला, म्हणून त्याचं नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. शिवणाला हे अजिबात चालत नाही. बाही जोडताना मधेच घंटा वाजली आणि उठलं की परत बसल्यावर चुणी येतेच. मी बॉबीन संपली की उठते. पण ज्या कामाचा कंटाळा येतो, म्हणजे माझ्यासाठी उधारीचा हिशेब, त्याला हा टोमॅटो फार गुणाचा आहे. पंचवीस मिनिटंच बसायचंय म्हटलं की बूड टेकतं.

पहाटे पाचला उठण्याबद्दल मी एवढंच म्हणेन की ते सांगणाऱ्याला चहा कोण करून देतं ते आधी विचारा.

आणि खरी गोष्ट, जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ वाचला तो कुठल्याच युक्तीनं नाही. आठवड्याच्या त्या नोंदी मी ह्यांना दाखवल्या. सकाळी पाणी भरण्यात चाळीस मिनिटं जातात हे कागदावर दिसलं, तेव्हा ते काम ह्यांच्याकडे गेलं. भांडण न होता! तोंडी दहा वर्षं सांगत होते, तेव्हा हललं नव्हतं. हूक आता सासूबाई लावतात, ब्लाउजमागे दहा रुपये घेतात आणि रविवारी चोख हिशेब मागतात. तेव्हा तुमच्या यादीत जी कामं रोज उरतात, ती तुम्हीच करायला हवीत का, हे आधी बघा. यादी बायकोची आणि वेळ सगळ्या घराचा, अशी वाटणी असेल तर कुठलंही टाइमटेबल मोडणारच.

नाही म्हणणं मला अजूनही जड जातं. वाक्य पाठ केलंय: "बारा तारखेच्या आधी होणार नाही, चालेल का?" दोन गिऱ्हाइकं त्यापायी दुसरीकडे गेली. एक परत आलं.

आणि इतकं करूनही आठवड्यातला एखादा दिवस विस्कटतोच. पूर्वी राहिलेलं काम मी उद्यावर ढकलायचे, मग उद्या परवावर. आता ते सरळ रविवार सकाळच्या दोन तासांत जातं, ते दोन तास मी कुणालाच कबूल केलेले नसतात. तिथंही बसलं नाही तर ज्या दिवशी ब्लाउज द्यायचाय त्याच्या आदल्याच दिवशी फोन करते. बायका चिडतात, कुणी दोन शब्द ऐकवतात. पण गेल्या दोन लग्नसराईत हॉलवर हूक लावायची वेळ कुणाच्या मावशीवर आली नाही.