एनटूसाठी युनिव्हर्सिटीचा जपानी अभ्यास पुरतो का, की वेगळा क्लास लावावा?

तुम्ही विचारलंय की पुण्यात जपानीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनथ्री झालीये, डिसेंबरला एनटू द्यायचीये (या जेएलपीटी नावाच्या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पातळ्या, एनफाइव्ह सगळ्यात सोपी, एनवन सगळ्यात अवघड), तर कॉलेजच्या अभ्यासावर भागेल का क्लास लावू. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "शाळा मराठी मिडियमची असल्यामुळे भीती वाटते." मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलेय.

मीपण मराठी मिडियमचीच, फलटणजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे आणि एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिकेत महिन्यानं खुर्ची घेतली होती, सगळ्यांपुढे राज्यघटना नाहीतर भूगोल, माझ्यापुढे कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांची वही. एनथ्रीपर्यंत छान चाललं. मग एनटूच्या वर्गाला जे सेन्सेई, म्हणजे शिक्षक आले त्यांचा नियम असा की जपानी वाक्याचा अर्थ इंग्लिशमध्येच सांगायचा. मी एकदा मराठीत सांगितला तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मराठीत विचार करणाऱ्यांची गाडी एनथ्रीलाच थांबते. मी काही बोलले नाही. घरी येऊन इंग्लिशमधली व्याकरणाची पुस्तकं पाठ करायला लागले, म्हणजे आधी इंग्लिश समजून घ्यायचं आणि मग त्यातून जपानी, डबल काम.

डिसेंबर २०१८ ला परीक्षा दिली. शब्द-व्याकरण ३८, वाचन १७, श्रवण ४२, एकूण ९७. एनटूला १८० पैकी ९० लागतात, म्हणजे बेरीज पास, पण प्रत्येक भागात ६० पैकी निदान १९ लागतात आणि वाचनात दोन कमी, म्हणून नापास. वरच्या सातांचा काही उपयोग नाही. निकाल बघितला तेव्हा मला सेन्सेईंचंच वाक्य आठवलं आणि वाटलं, खरंच होतं की काय.

त्यानंतर महिनाभर पुस्तक उघडलं नाही. एक दिवस आईनं एसटीनं डबा पाठवला, नवीन पद्धतीनं केलेली आमटी होती, आणि फोनवर म्हणाली, "खाऊन बघ, उरली तर झाकण लावून ठेव." मी फोन ठेवला आणि तेच वाक्य जपानीत म्हणून बघितलं. ताबेते मिते, नोकोत्तारा फुता ओ शिते ओइते. खाऊन-बघ, ताबेते-मिते. लावून-ठेव, शिते-ओइते. मिरु म्हणजे बघणं, ओकु म्हणजे ठेवणं! शब्दाला शब्द, त्याच क्रमानं, झाकणाच्या मागचा 'ओ' सोडला तर काही हलवायला लागलं नाही. हेच मी दोन वर्षं 'ट्राय करणं' आणि 'आधीच करून ठेवणं' असं इंग्लिशमधून घोकत होते. त्या रात्री अभ्यासिका बंद होईपर्यंत बसले आणि एनटूच्या व्याकरणाच्या यादीपुढे मराठी लिहीत गेले. झारु ओ एनाई, केल्यावाचून गत्यंतर नाही. त्सुत्सु आरु, होत चाललंय. वाके नि वा इकानाई, तसं करून चालणार नाही, आणि गंमत बघा, इकु म्हणजे जाणं आणि आपणही म्हणतो 'चालणार' नाही. कानेरु आणि कानेनाई मध्ये सगळा वर्ग गोंधळायचा कारण कानेरुचा अर्थ 'करणं जमत नाही' आणि नकार लावलेल्या कानेनाईचाच अर्थ 'करेल' असा होतो, पण उसो ओ त्सुकिकानेनाई म्हणजे 'खोटं बोलायलाही कमी करणार नाही'. आपल्या वाक्यातही नकार आहे आणि अर्थ तोच, वाईटाची शंका!

वाचनाचंही तेच झालं. जपानीत नामाच्या आधी लांबच्या लांब विशेषणं येतात, इंग्लिश करायचं तर वाक्याच्या शेवटापासून उलटं यावं लागतं आणि तिथेच माझा वेळ जायचा. 'काल आलेला माणूस', किनो किता हितो, मराठीत डावीकडून सरळ वाचत गेलं तरी चालतं. क्रियापद दोघांचंही शेवटी, विभक्तीचे प्रत्यय दोघांचेही नामाच्या मागून. डिसेंबर २०१९ ला परत दिली, वाचनात ४४ आले आणि एनटू सुटली. मराठीतच विचार करून सुटली.

आता तुमचा प्रश्न. क्लास लावू नका, माझं स्पष्ट मत. क्लासात परत व्याकरणच शिकवतात आणि ते कॉलेजात होतंच. कमी पडतं ते वाचन आणि घड्याळ. एनटूला शब्द, व्याकरण, वाचन मिळून १०५ मिनिटं, मध्ये कुणी थांबवत नाही, पहिल्या वेळी मी शब्द-व्याकरणातच ६० च्या वर घालवली होती. शब्द-व्याकरण ४० मिनिटांत संपवायची सवय करा, राहिलेलं सगळं वाचनाला. रोज दोन उतारे घड्याळ लावून, आणि शेवटचा जाहिरात-नोटीसवाला प्रश्न सोडू नका, तो सोपा असतो, दमलेलं डोकं सोडतं. श्रवण ५० मिनिटं, प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकवतात, आणि सारांशाच्या भागात प्रश्नसुद्धा ऐकून झाल्यावरच कळतो, त्यामुळे एक वाक्य हुकलं तर तिथे अडकायचं नाही.

हां, मराठी सगळीकडे कामाला येत नाही हेही सांगते. कांजीला शून्य उपयोग, तिथे रोज लिहिण्याला पर्याय नाही. नामाला लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक मराठीतून बसवायला गेलात तर फसाल. आणि आमे नि फुरारेता, म्हणजे पाऊस माझ्यावर पडला आणि माझे हाल झाले, ते कर्मणी आपल्याकडे नाही, 'पावसानं गाठलं' एवढंच जवळचं. शिवाय या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं मुळीच नाही, सगळे पर्याय निवडायचे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र आदरार्थी जपानी बोलायला लावतात, त्यासाठी हवं तर कुणाशी तरी आठवड्याला तास-दोन तास बोला, तिथे पैसे घालवले तरी चालतील.

इंग्लिश येऊच नये असं मी म्हणत नाहीये, पुस्तकं इंग्लिशमध्येच आहेत, ती वाचावी लागतात. पण वहीत समोर मराठीच लिहा, आणि वर्गात कुणी अडवलं तर त्याला हे 'खाऊन बघ' वालं वाक्य जपानीत म्हणून दाखवा. मी तेव्हा दाखवू शकले नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, पाहिजे असेल तर फोटो काढून पाठवते, फक्त माझं अक्षर जरा बारीक आहे.