आठ जुन्या मशीनचं ऑफिस: विंडोज की लिनक्स, पाच वर्षांचा हिशेब

तुमचा प्रश्न: सदाशिव पेठेत करसल्लागाराचं ऑफिस, आठ जुनी मशीन, सगळ्यांवर विंडोज १०. सगळीकडे लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकलं तर पाच वर्षांत खरंच पैसे वाचतील का? ज्या मशीनवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरत नाही, तिथे वाचतील, पण प्रिंटर आणि फाइल नीट चालल्या तरच. टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनची मशीन विंडोजवरच ठेवा.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ऑफिसांना पुढची सुरक्षा अपडेट विकत मिळतात: मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग १२२, मग २४४. उशिरा घेतली तरी मागच्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तीन वर्षांत ४२७ डॉलर जातात आणि मशीन तेच जुनं राहतं, म्हणून मी हा पर्याय सुचवत नाही. विंडोज ११ चं अपग्रेड फुकट आहे, पण इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. टीपीएम सापडत नाही असं दिसलं तर मशीन लगेच बाद करू नका. पुष्कळदा ते बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी किंवा एफटीपीएम या नावाने नुसतं बंद असतं.

खरा खर्च माणसांच्या तासांचा. पगार २०,००० रुपये, महिन्याला २५ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला १०० रुपये. नव्या स्क्रीनची सवय होईपर्यंत महिनाभर रोज अर्धा तास गेला तर माणशी १,२५० रुपये, तेही एकदाच. पण प्रिंटर अडतोय, जुन्या एक्सेल फाइलचे मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये, चालत नाहीत, अशी कटकट तशीच राहिली आणि तोच अर्धा तास पाच वर्षं गेला, तर माणशी ७५,००० होतात. फुकट लिनक्स इथे महाग पडतं.

टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणारी सोय) चालवा असं कोणी सांगेल; रिटर्नच्या शेवटच्या तारखेला त्यावर विसंबू नका. एका विंडोज मशीनवर सगळ्यांनी रिमोटने काम करायचं, हा विचारही फसतो. विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच जण बसू शकतो. अनेकांसाठी विंडोज सर्व्हर आणि रिमोटची वेगळी लायसन्स लागतात, त्यात बचत संपते.

मॅकचा विचार इथे नको: टॅलीची अडचण तीच, आणि आताच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही.

लिनक्स टाकण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट (लिनक्सचा एक प्रकार) घेऊन मशीन त्यावरूनच चालू करा. प्रिंट, स्कॅन, मराठी टायपिंग तपासा. कॅनन एलबीपी २९०० असेल तर विशेष लक्ष द्या, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर फार त्रास देतो. श्रीलिपीतली (जुन्या मराठी फॉन्टमधली) जुनी पत्रं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. सगळं जमलं तर नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स टाका. जुनी डिस्क पुसू नका. लेबल लावून मार्चअखेरपर्यंत कपाटात ठेवा.