ओव्हन नसताना घरी चॉकलेटचे कमी साखरेचे पदार्थ कसे करावेत? आमच्याकडे भुसावळला सगळं वितळतं

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. घरात ओव्हन नाही. पोरांना चॉकलेटचं काहीतरी हवं, पण मैदा-साखर कमी हवी. आणि व्हिडिओ बघून केलेल्या वड्या ताटात येताच पातळ झाल्या, तर दुसऱ्या वेळी चॉकलेट वितळवताना त्याचा रवाळ गोळा झाला. मी शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते, कारण काय करायचं हे तिच्यावरच ठरतं. गुळाचं आणि मधुमेह असलेल्या सासूबाईंचंही तुम्ही विचारलंत, ते अगदी शेवटी.

व्हिडिओतल्या बहुतेक वड्या धरून ठेवतं ते खोबरेल तेल, बटर नाहीतर वितळवलेलं चॉकलेट. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं, चॉकलेटमधलं कोको बटर ३४ च्या आसपास. भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४४ असतो. म्हणजे तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं, ती कृतीच आपल्या हवेची नव्हती. आपल्याकडे आधी एवढंच बघायचं की हा पदार्थ कशाने धरला आहे. चरबीने धरला असेल तर तो दिवाळी ते होळी. खजुराच्या चिकटपणाने किंवा चायना ग्रासने (दूध-पाणी घट्ट करणाऱ्या अगर-अगरने) धरला असेल तर बारमाही.

खरेदीत एक घोटाळा नेहमी होतो. कोको पावडर म्हणजे ड्रिंकिंग चॉकलेट नव्हे. दुधात घालायच्या त्या डब्यात बरीचशी साखरच असते, आणि ती वापरून केलेल्या लाडवाला ना रंग येतो ना चव. डब्याच्या मागे घटकांत फक्त कोको असायला हवा. जोडीला ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला तर ती अल्कली लावलेली, गडद आणि कमी आंबट पावडर. न भाजता करायच्या पदार्थांना दोन्ही चालतात. पोह्याचा चमचा शीग लावून भरला की साधारण ५ ग्रॅम कोको येतो.

सर्वांत भरवशाचं म्हणजे खजूर, शेंगदाणे आणि कोकोचे लाडू. बी काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १५० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि हवे असतील तर भाजलेले तीळ एक चमचा. बस्स. साखर नाही, तूप नाही, पाण्याचा थेंबही नाही. शेंगदाणे मंद आचेवर भाजा, चिमटीत दाबलं की साल सुटेपर्यंत. चटणीला भाजतो तसे डाग पडू देऊ नका. कोको मुळातच कडू, त्यात करपलेला दाणा आला की मुलं तोंडातून काढतात. दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावायचे नाहीत, गरम दाणा लगेच तेल सोडतो. आधी दाणे, कोको आणि मीठ थांबत थांबत फिरवून जाडसर कूट करा, मग खजूर घाला.

खजुराचं मात्र नीट ऐका. तो भिजवायचा नाही. भिजवला की लाडू तळहाताला चिकटतो आणि उन्हाळ्यात चौथ्या दिवशी आंबूस वास येतो. खजूर कडक असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, तो आपोआप मऊ पडतो. मिक्सरमध्ये मिश्रण आधी भुशासारखं दिसतं, मग भांड्याच्या कडेला ढेकळं धरू लागतात. तिथेच थांबा. चिमूटभर घेऊन मुठीत दाबा: मूठ उघडल्यावर आकार राहिला आणि बोटांना किंचित तेलकट चमक आली की झालं. त्यापुढे फिरवलं तर शेंगदाण्याचं तेल सुटून लाडू ओघळल्यासारखे होतात. भुगा होत असेल तर दूध घालायचा मोह टाळा, आणखी दोन खजूर टाका. दूध पडलं की तो लाडू फ्रीजचा झाला.

एवढ्यात वीस लाडू होतात, प्रत्येकी १८-१९ ग्रॅमचे. एका लाडवात साधारण ७५ कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम साखर, तीही खजुराचीच. घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस बाहेर राहतात, फ्रीजमध्ये तीन आठवडे. बाहेर फार दिवस ठेवले की आधी दाणा खवट होतो, खजूर नाही.

आता चायना ग्रासचं पुडिंग. उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी मी हेच सुचवेन. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून काढतात. त्याची खोड अशी की ते ३५-४० अंशांना घट्ट होतं, पण एकदा घट्ट झालं की ८५ च्या आसपास गेल्याशिवाय परत वितळत नाही. म्हणून पंगतीत अर्धा तास वाढून ठेवलं तरी वडी वडीच राहते. मात्र पहिल्या आकड्याकडे नीट बघा. मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघरातच ४० अंश असतात, त्यामुळे ओट्यावर ठेवून ते घट्ट होईलच असं नाही. परातीत माठाचं पाणी घेऊन त्यात भांडं ठेवायचं, अर्ध्या तासात जमतं. मग फ्रीजमध्ये.

प्रमाण असं: दूध अर्धा लिटर, चायना ग्रास ५ ग्रॅम (१० ग्रॅमचं पाकीट असेल तर निम्मं), पाणी दीडशे मिली, कोको २० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ चिमूटभर, अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. कॉफी चवीला कळत नाही, पण कोको अधिक खोल लागतो आणि कमी साखर खपून जाते. मुलं अगदी लहान असतील तर वगळा. बाजारातल्या पाककृतींत एवढ्या दुधाला डबा-अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क असतं, आणि त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. तिथेच खरी बचत आहे.

चायना ग्रासचे दोरे कात्रीने कापून दीडशे मिली पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर उकळा. चमचा वर उचलून धारेकडे बघायचं. एकही पारदर्शक तंतू दिसता कामा नये. याला सात-आठ मिनिटं लागतात आणि घाई करणाऱ्यांचं पुडिंग इथेच फसतं. कोको आणि साखर कोरडेच एकत्र करा, त्यात चार चमचे गरम दूध घालून गुठळी मोडेपर्यंत घोटा आणि मगच उरलेल्या दुधात मिसळून एक उकळी आणा. कोको सरळ दुधात टाकला की वर तरंगतो आणि त्याच्या कोरड्या गाठी होतात. दोन्ही पातेली गरम असतानाच एकत्र करा. फ्रीजमधलं दूध चायना ग्रासवर ओतलं तर ते जागच्या जागी दोरे धरतं, मग कितीही घोटा.

आणखी एक बारकावा. ओतल्यावर कोको तळाला बसून वर फिक्कट थर येतो, कारण मिश्रण फार गरम आणि पातळ असतानाच ओतलेलं असतं. गॅस बंद करून ढवळत राहा. पातेल्याला बाहेरून हात लावून दहा आकडे मोजता येतील इतपत निवलं, की गाळून ताटलीत ओता. गूळ घालायचा असेल तर या पदार्थात नकोच, गरम दुधात गूळ पडला की दूध फाटू शकतं. हे पुडिंग दुधाचं आहे, वितळत नाही म्हणून दुपारभर बाहेर ठेवायचं नाही. तासाभरात संपवा.

केळ्याचं चॉकलेट आइस्क्रीम तर आपल्याच मुलखाचं म्हणायला हवं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात तर केळ्याला तोटाच नाही. इथे केळं मात्र निवडून घ्या. वरून पिवळंधमक आणि आतून कडक असलेलं केळं तुरट लागतं आणि कोको ते तुरटपण आणखी वाढवतो. सालीवर काळे ठिपके आलेलं, दाबलं की बोट रुतणारं केळं हवं. सोललेली ४०० ग्रॅम केळी बोटभर जाडीच्या चकत्या करून ताटात एकेरी पसरा आणि सहा-आठ तास फ्रीझरमध्ये ठेवा. सालासकट ठेवू नका, गोठलेलं साल सुरीनेही सुटत नाही. मिक्सरचं भांडंही पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. चकत्या बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, मग कोको १५ ग्रॅम, मीठ आणि घट्ट शेंगदाणा बटर एक मोठा चमचा घालून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्यांनी फिरवा. आधी गारांसारखा चुरा होईल, मग ओल्या वाळूसारखं, आणि अचानक मलईसारखं वळेल. सलग फिरवलं तर मिक्सर तापतो आणि आइस्क्रीमचं शिकरण होतं. मिक्सर मध्येच बंद पडला तर बऱ्याच मिक्सरना तळाशी लाल बटण असतं. दहा-पंधरा मिनिटं निवू द्या आणि ते दाबा.

लगेच खाल्लं तर मऊ, परत गोठवलं तर दगड. शेंगदाणा बटर त्यासाठीच, त्यातल्या तेलाने ते जरा नरम राहतं. लाइट चार तास गेली आणि पातळ झालं तर पुन्हा गोठवत बसू नका.

आता तो तुमचा रवाळ गोळा. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब गेले, ओल्या चमच्याने का होईना, की त्यातली साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळं आखडतं. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वाफ शिरली तरी तेच. म्हणून खालचं पाणी उकळतं नको, नुसतं वाफाळतं हवं. वरचं भांडं पाण्याला टेकता कामा नये आणि ते खालच्या पातेल्याहून रुंद असावं, म्हणजे वाफ बाहेरून निघून जाते. चॉकलेट बारीक चिरून घ्या आणि दोन तृतीयांश वितळलं की खाली उतरवा, उरलेलं अंगच्या उष्णतेने वितळतं. गोळा झालाच तर फेकू नका. शंभर ग्रॅमला ५०-६० मिली गरम दूध चमच्या-चमच्याने घालत घोटा. मधेच ते आणखी बिघडल्यासारखं दिसेल, पण पुढे चकचकीत सॉस होतो. थोडं पाणी बिघडवतं, भरपूर पाणी सुधारतं.

याच गोष्टीचा फायदा घेऊन एर्वे तीस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नुसत्या चॉकलेट आणि पाण्याचं मूस, म्हणजे फेटून हलका केलेला गोड पदार्थ, करून दाखवलं. त्यात अंडं नाही, क्रीम नाही. आपल्या उन्हाळ्यात कच्च्या अंड्याचं मूस मी कुणालाच करायला सांगणार नाही, म्हणून हे जास्त आवडतं. ७० टक्के कोकोचं डार्क चॉकलेट १०० ग्रॅम आणि पाणी ९० मिली एकत्र मंद आचेवर एकजीव होईपर्यंत गरम करा. ५५ टक्क्यांचं असेल तर पाणी ६५-७० मिलीच, कारण त्यात चरबी कमी असते. हे भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा. तीन-चार मिनिटांनी रवीच्या रेषा उमटू लागल्या की थांबा. जास्त फेटलं तर कणीदार होतं. तसं झालं तर परत गरम करून पुन्हा फेटा, काही वाया जात नाही. घट्ट झालंच नाही तर पाणी जास्त पडलं, थोडं चॉकलेट घालून वितळवा आणि पुन्हा सुरू करा. लगेच वाढा.

यासाठी कंपाउंड चॉकलेटची लादी चालत नाही. बेकरी-साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळते ती बहुतेक कंपाउंडच असते. तिच्यात कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं, आणि म्हणूनच ती उन्हाळ्यात जरा जास्त तग धरते. ‘हेल्दी’ म्हणून करायचं आणि आत ते घालायचं, मग उपयोग काय?

थंडीत, धुळ्याकडे पारा एक आकडी होतो तेव्हा, ज्वारीच्या लाह्यांच्या वड्या करा. लाह्या ४० ग्रॅम, डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, शेंगदाणा बटर दोन चमचे. लाह्या आधी चाळून न फुटलेले गणंग काढा, नाहीतर दात जाईल. मग चार मिनिटं कोरड्या भाजून पूर्ण गार करा. सादळलेली लाही चॉकलेटमध्ये चामट होते. वर पांढरी पूड आल्यासारखी दिसली तर ती बुरशी नाही, कोको बटर पृष्ठभागावर आलेलं असतं. खायला हरकत नाही.

शेवटी तुम्ही गुळाचं विचारलंत. साखरेच्या जागी तेवढाच गूळ घालून पदार्थ हलका होत नाही. शंभर ग्रॅम साखरेच्या साधारण ४०० कॅलरी, गुळाच्या ३८० च्या आसपास. शिवाय गुळातल्या ओलाव्याने वितळलेलं चॉकलेट आखडतं ते वेगळंच. आणि सासूबाईंना मधुमेह आहे म्हणालात, तर खजूर आणि पिकलं केळं ही त्यांच्यासाठी साखरच समजा. त्यांना चायना ग्रासचं पुडिंग साखर निम्मी करून, छोट्या वाटीत, जेवणातली भाकरी तेवढी कमी करून. किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.