तिसऱ्या पक्षाचा गव्हर्नर : आधी सह्या, मग मतं

प्रश्न : अमेरिकेत दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या उमेदवाराला गव्हर्नरपदासाठी उभं राहायचं तर काय करावं लागतं?

नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कचं घेऊ, कारण तिथली चाळण फार बारीक आहे. २०२० च्या बदलानंतर तिथे मान्यताप्राप्त पक्षाचा आधार नसलेल्या उमेदवाराला ४२ दिवसांत ४५,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात; पूर्वी १५,००० पुरत. शिवाय काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निम्म्या मतदारसंघांतून प्रत्येकी किमान ५०० हव्यात, म्हणजे नुसत्या न्यूयॉर्क शहरात टेबल टाकून भागत नाही.

दिवसाला साधारण १,०७० सह्या पडतात, पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे अर्ज हातानं बाद करून घेणं. सही करणाऱ्याची मतदार म्हणून नोंदच नसते, किंवा त्यानं त्याच पदासाठी दुसऱ्याच्या कागदावर आधी सही केलेली असते. प्रतिस्पर्धी ओळ न् ओळ तपासून हरकती घेतात. कागदाच्या तळाशी साक्षीदाराचं निवेदन असतं. त्यातली तारीख किंवा सह्यांचा आकडा खोडून दुरुस्त केला आणि शेजारी आद्याक्षरं घातली नाहीत, तर त्या कागदावरच्या सगळ्याच सह्या धोक्यात. म्हणून निदान दीडपट सह्या जमवाव्यात आणि रोजचे कागद रोज रात्री मतदारयादीशी ताडून पाहावेत. शेवटच्या आठवड्यात तपासणी सुरू केली तर तूट भरायला दिवसच उरत नाहीत. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी दोनच उमेदवार उरले होते. मतदाराच्या दृष्टीनं हे वाईटच झालं.

प्रश्न : पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत हरलेला नेता मग तिसऱ्या पक्षाकडून उभा राहू शकतो का?

बहुतेक राज्यांत नाही. कायदाच आडवा येतो. पक्ष सोडायचा तर त्या फेरीच्या आधी. रिपब्लिकन सिनेटर राहिलेले लोवेल वायकर १९९० मध्ये स्वतःची ‘अ कनेक्टिकट पार्टी’ काढून उभे राहिले आणि सुमारे ४० टक्के मतांवर गव्हर्नर झाले.

प्रश्न : असा उमेदवार मतं खाण्यापलीकडे काही करतो का?

करतो, पण राज्याचे नियम साथ देणारे हवेत. मिनेसोटात १९९८ मध्ये रिफॉर्म पार्टीचे जेसी व्हेंचुरा ३७ टक्क्यांवर जिंकले. रिपब्लिकन नॉर्म कोलमन ३४ आणि डेमोक्रॅट ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे २८ टक्क्यांवर राहिले. व्हेंचुरांना टीव्हीवरच्या वादसभांत दोघांच्या बरोबरीनं जागा मिळाली होती आणि मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देता येतं. आयत्या वेळी घराबाहेर पडलेला मतदार त्यामुळे वाया गेला नाही. माझ्या मते वादसभेतली खुर्ची जाहिरातींपेक्षा मोलाची, आणि ती मिळवण्याची खटपट प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून हवी.

मतं फुटण्याची भीतीही खोटी नाही. मेन राज्यात २०१० ला रिपब्लिकन पॉल लपाज जेमतेम ३८ टक्क्यांवर निवडून आले आणि अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांवर अडकले. पसंतीक्रमाच्या मतदानानं, म्हणजे मतदारानं उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती दिल्यानं, ही अडचण सुटते, पण मेनच्या घटनेत गव्हर्नर सर्वाधिक मतांनी निवडायची तरतूद असल्यानं नोव्हेंबरच्या गव्हर्नर निवडणुकीला तिथे ती पद्धत लागू होऊ शकली नाही. अलास्कात २०२२ ला ती वापरली गेली. व्हरमाँटमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर विधिमंडळ गव्हर्नर निवडतं. कॅलिफोर्नियात तर सगळ्या पक्षांच्या एकत्र पहिल्या फेरीतले पहिले दोघंच नोव्हेंबरपर्यंत पोचतात, तेव्हा छोट्या पक्षानं सगळी ताकद त्या पहिल्या फेरीतच लावावी.

प्रश्न : हरणार हे दिसत असतानाही पक्ष उमेदवार का देतात?

मतपत्रिकेवरची जागा टिकवायला. न्यूयॉर्कमध्ये पक्षाची मान्यता राखायला १,३०,००० मतं किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांतला जो आकडा मोठा असेल तो गाठावा लागतो; तोही गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष अशा दोन्ही निवडणुकांत, म्हणजे दर दोन वर्षांनी. तो हुकला की पुन्हा ४५,००० सह्यांपासून सुरुवात.