बागेला हिव लागलं की बाग गोठली?

पिंपळगाव बसवंतचे एक वाचक विचारतात: 'बागेला हिव लागलं' असं आमचे आजोबा म्हणायचे, बातम्यांत 'द्राक्षबागा गोठल्या' येतं. बरोबर कोण?

आजोबा. निफाडचा पारा पाच-सहावर आला की बातमीदार सगळा तालुका गोठवून मोकळे!

हिव म्हणजे थंडी, ते सोडा. गंमत त्याच्या जन्मात आहे. संस्कृत शब्दाच्या पोटातला 'म' मराठीत येताना नाकातला 'व' होतो. ग्रामचं गांव, नामचं नांव, कोमलचं कोंवळं, तसं हिमचं हिंव. १९६२च्या नियमांनी तो अनुस्वार पुसला आणि 'म'ची शेवटची खूण गेली. आता शिकलेली माणसंही 'हिवताप म्हणजे हिवाळ्यातला ताप' असं ठोकून देतात. अहो, हिव भरून येतो तो हिवताप. भर पावसाळ्यातही येतो. हेमंत, फारसी जमिस्तान, रशियन झिमा ही सगळी याच घरातली भावंडं. 'दहिवर' म्हणजे दव, त्यातही मला हेच हिंव दिसतं. तिथे दही शोधणाऱ्यांनी ते खुशाल खावं.

दख्खनमध्ये उतरताना या शब्दाने बर्फ टाकला आणि हुडहुडी ठेवली, असं माझं मत. पिकांच्या बाबतीत ते नेमकं लागू पडतं. टोमॅटो, काकडी यांना शून्याच्या बऱ्याच वर, दहा-बारा अंशांखालीच त्रास सुरू होतो. पेशींच्या पातळ आवरणातली स्निग्धं डब्यातल्या खोबरेलासारखी थिजतात, आवरण गळू लागतं. गहू मात्र थंडी हळूहळू वाढली तर तयारी करतो: आवरणात न थिजणारी स्निग्धं वाढवतो, पेशीत साखर साठवतो. द्राक्षाची फुगवण थांबते, पाणी उतरलेले, म्हणजे पिकू लागलेले मणी तडकतात. म्हणूनच पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. यात बर्फाचा कण नाही. हे हिव.

गोठणं वेगळं. त्यात बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो; पेशी सुकून मरते. हवेत तीन-चार अंश असतानाही निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पान शून्याखाली जाऊ शकतं, कारण ते आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतं.

या दोन्हींना सरसकट 'शीतदंश' म्हणणाऱ्या परिभाषापंडितांना माझा साफ विरोध आहे. दंश करायला थंडी काय विंचू आहे? पानावर पांढरा थर धरला तर 'हिम पडलं' लिहा, नाही तर 'हिव लागलं'.