काटा हिरव्यात होता, मग काच घसरली कशी?

व्हॅक्यूम लिफ्टर, म्हणजे रबरी पॅड भारावर टेकवून आतली हवा काढायची आणि भार उचलायचा ते मशीन, त्यावर एवढे प्रश्न साठलेत की या वेळचं सदर अख्खं त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोघातिघांनी 'सेफ्टीचे दहा नियम द्या' असं लिहिलंय, त्यांना सॉरी, दहा नियम भिंतीवर चिकटवले की तिकडे परत कोणी बघत नाही, त्यापेक्षा नेमकं कुठे काय फसतं ते बघू.

प्रश्न : सर, आमच्याकडे चार पॅडचा लिफ्टर आहे, प्लेटवर ५०० किलो लिहिलंय. ३ बाय ४ मीटरची १० एमएम काच आडवी उचलली, काहीच प्रॉब्लेम नाही. काच नुकतीच धुतलेली होती, वरवर पुसून घेतली होती. मग फ्रेममध्ये बसवायला उभी केली तर हळूहळू सरकायला लागली, सहा-सात सेंटिमीटर खाली आली, नशीब खाली लाकडी ठोकळे होते. व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा सगळा वेळ हिरव्या पट्ट्यात. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक ठणठणीत आहे. 'वरवर पुसून' या दोन शब्दांतच उत्तर आहे, पण हिशोब करून दाखवतो, कारण हा हिशोब एकदा डोक्यात बसला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी वजन. काचेला १ एमएम जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो धरायचे. तुमची काच १२ चौरस मीटर, १० एमएम, म्हणजे ३०० किलो. आता लिफ्टर. आपल्याला वाटतं पॅड काचेला ओढून धरतो, तसं नसतं. पॅडमधली हवा काढली की बाहेरची हवा काचेला पॅडवर दाबून धरते, आणि ही बाहेरची हवा समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने दाबते. ३० सेंटिमीटर व्यासाचा पॅड घेतला तर क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर, काटा ६० टक्क्यांवर असेल तर एका पॅडवर साधारण ४३० किलोचा दाब येतो. पण प्लेटवर कोणी ४३० लिहीत नाही. आडव्या भाराला निदान दुप्पट मार्जिन ठेवतात, उभ्या भाराला चौपट.

उभ्याला चौपट का, तर आडवा भार पॅडला सरळ लटकतो, उभा भार मात्र फक्त घर्षणावर टिकलेला असतो. हवा काचेला पॅडवर दाबतेय, पण वजन खाली ओढतंय, आणि मधे रबर न् काच यांची पकड एवढंच आहे. कोरड्या स्वच्छ काचेवर ही पकड दाबाच्या साधारण निम्मी धरतात. ओली असेल तर पाव किंवा त्याहून कमी. तेलकट असेल तर एक दशांश धरा.

आता तुमची केस. ५०० किलो हा आकडा आडव्याचा असेल तर चार पॅडचा मिळून खरा दाब साधारण १००० किलो. काच कोरडी असती तर उभी धरायला ५०० किलोची पकड मिळाली असती, ३०० किलोची काच टिकली असती, पण मार्जिन नावालाच. ओलीमुळे पकड आली २५० वर आणि काच ३०० ची. घसरणारच की! आणि काटा हिरव्यातच राहणार, कारण पाण्याने सील बिघडत नाही, उलट कधीकधी जास्तच चांगलं बसतं. काटा फक्त आत व्हॅक्यूम किती आहे ते सांगतो, पकडीचं त्याला काही कळत नाही.

प्लेटवर उभ्यासाठी वेगळा आकडा आहे का ते नीट वाचा, बहुतेक वेळा बारीक अक्षरात तिथेच असतो. नसेल तर मॅन्युअल काढा. आणि काच कोरडी म्हणजे कापडाने कोरडी, पॅडसुद्धा कोरडे. एक गोष्ट मात्र चांगली केलीत, ते ठोकळे. काच उभी करताना खालून आधार तयार ठेवायचा हे बरेच जण विसरतात.

प्रश्न : मोठा पंप लावला तर तोच लिफ्टर जास्त वजन उचलेल का? आम्हाला काँक्रीटचे पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक) आणि स्लॅब उचलायचेत, काटा वरच जात नाही.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही उलटी आहेत.

काचेसारख्या गुळगुळीत भारासाठी नाही, मोठ्या पंपाने ताकद वाढत नाही. कितीही मोठा पंप लावा, बाहेरची हवा चौरस सेंटिमीटरला किलोभरच दाबणार, त्यापुढे निसर्ग काही देत नाही. सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटेनात, लोकांना जादूच वाटली, पण तीच ही हवा. जास्त वजन हवं तर पॅड मोठा किंवा पॅड जास्त, आणि त्याला फ्रेमही तेवढी दणकट लागते, त्यामुळे घरच्या घरी पॅड वाढवायचा उद्योग नको.

काँक्रीटचं वेगळं. ते सच्छिद्र असतं, तुम्ही वरून हवा काढताय आणि खालून, कडेने नवीन हवा आत येतेय, गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. तिथे पंपाने खोल व्हॅक्यूम करण्यापेक्षा प्रति मिनिट भरपूर हवा खेचणं महत्त्वाचं, म्हणून पेव्हर उचलायच्या मशीनवर ब्लोअर असतो आणि पॅडला कडक रबराऐवजी जाड मऊ फोमचं सील असतं, खडबडीत पृष्ठभागात ते दबून बसतं. व्हॅक्यूम कमी मिळतो म्हणून पॅड मोठा लागतो. काचेचा लिफ्टर आणून स्लॅबवर 'चालतंय का बघू' करू नका, चालल्यासारखं वाटतं आणि मधेच सुटतं.

एकाच साच्यातले स्लॅबसुद्धा सारखे नसतात, एक घट्ट, एक पोकळ, एकाला बारीक चीर, त्यामुळे कालचा उचलला म्हणून आजचा उचलेलच असं नाही. प्रत्येक लॉटमधला एखादा जमिनीपासून वीतभर वर धरून दोन-तीन मिनिटं काट्याकडे बघत उभं राहायचं. आणि ब्लोअरवाल्या मशीनचं एक लक्षात ठेवा, ब्लोअर बंद म्हणजे स्लॅब खाली. सच्छिद्र भारात साठवलेला व्हॅक्यूम टिकत नाही. म्हणून उंचावर न्यायचा असेल तर साखळी किंवा पट्टा खालून हवाच.

जाता जाता, प्लायवूड आणि एमडीएफवाल्यांनाही हे लागू आहे. तिथे अजून एक गंमत होते, वरची शीट सच्छिद्र असल्यामुळे तिच्यातून खालची शीटही थोडी चिकटून वर येते आणि चार पावलं गेल्यावर सुटून पडते. थप्पीतून उचलताना आधी एक कड थोडी वर करून हवा आत जाऊ द्या.

प्रश्न : भार हवेत असताना लाइट गेली तर?

सगळ्यात आधी कोणीही काहीही दाबायचं नाही, खासकरून रिलीजचं बटन. घाबरून तिकडे हात जातो.

चांगल्या लिफ्टरमध्ये पंप आणि पॅडच्या मधे चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असतो आणि व्हॅक्यूमची टाकी असते, पंप थांबला तरी पॅडमधला व्हॅक्यूम लगेच निघून जात नाही. युरोपचं ईएन १३१५५ स्टँडर्ड पॉवर गेल्यावर भार ५ मिनिटं धरून ठेवायला सांगतं, आणि धोक्याचा इशारा देणारी सोयही मागतं. पण ही ५ मिनिटं मशीन नवं, सील चांगलं, पृष्ठभाग चांगला असतानाची आहेत. तुमच्या पॅडला चीर असेल तर दीड मिनिटही नसतील.

आता एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. लाइट गेली की फक्त पंप बंद होत नाही, लिफ्टरला वर-खाली करणारा इलेक्ट्रिक हॉइस्टही बंद होतो! म्हणजे '५ मिनिटांत खाली उतरवा' म्हणणारे बरोबर बोलतात, पण उतरवणार कशाने? हॉइस्टला हाताने ब्रेक सोडून उतरवायची सोय आहे का, ती कोणाला येते, हे आज विचारून ठेवा. नसेल तर एकच काम, माणसं लांब करा, भार पडला तर उलटून जिथपर्यंत जाईल तेवढी जागा मोकळी करा आणि लाइट येईपर्यंत कोणालाही आत सोडू नका. खाली टेकू सरकवायला तर अजिबात कोणी जायचं नाही. टेकू भार उचलायच्या आधी तयार ठेवायची वस्तू आहे.

बॅटरीवरचा लिफ्टर असेल तर हा प्रश्न थोडा सोपा होतो, पण मग सकाळी बॅटरीचा इंडिकेटर बघितला का हा नवीन प्रश्न येतो.

प्रश्न : लिफ्टर २०० किलोचा, पत्रा जेमतेम ५० किलोचा, तरी पडला. असं कसं?

या वाचकाने माप दिलंय म्हणून बरं झालं : २ एमएम स्टील, सव्वा बाय अडीच मीटर. स्टीलला १ एमएम जाडीमागे चौरस मीटरला ७.८५ किलो, म्हणजे पत्रा ४९ किलो. वजनाचा प्रश्नच नाही.

पण दोनच पॅड, दोन्ही मधोमध, बरोबर? पत्रा पातळ आहे, दोन्ही टोकं खाली लोंबतात, पत्रा पॅडखाली वाकतो आणि पॅडची कड एका बाजूने सुटायला लागते, पाकिटावरचा स्टिकर टोकाकडून सोलतो ना तसं. एकदा तिथून हवा शिरली की पुढचं पापणी लवायच्या आत होतं. तुम्ही लिहिलंय की आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला. तो आवाज म्हणजे हवा आत शिरतेय. तो ऐकला की पुढे जायचं नाही, वर तर नाहीच, जिथे आहे तिथे खाली.

उपाय, पॅड जास्त आणि लांब पसरलेले, टोकं लोंबणार नाहीत असे. लांब आडव्या दांड्यावर सहा-आठ छोटे पॅड हे पत्र्याला दोन मोठ्या पॅडपेक्षा कितीतरी चांगले. आणि झटका नको, हॉइस्ट सुरू-बंद करताना पातळ पत्रा स्प्रिंगसारखा हलतो.

प्रश्न : हाताने वापरायच्या सक्शन कपवर लाल रेघ दिसते ती कशाची?

पंपवाल्या कपच्या दट्ट्यावर ती रेघ असते. दिसायला लागली म्हणजे आतला व्हॅक्यूम कमी झालाय. परत पंप मारा, पुन्हा पुन्हा दिसत असेल तर काच ठेवून द्या आणि कप तपासा. काच हातात धरून चालत असाल तर रेघ तुमच्या बाजूला येईल असा कप लावा.

प्रश्न : आमचं काम १५०० मीटर उंचीवर आहे. काटा खालच्या साइटवर जायचा तेवढा जात नाही, गेज खराब समजायचं का?

गेज खरं बोलतंय. तिथे बाहेरची हवाच पातळ आहे, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल तर तिथे ८५ च्या आसपास, म्हणजे जवळपास सहावा हिस्सा गेला. पंपाचा दोष नाही. काटा मॅन्युअलने सांगितलेल्या किमान आकड्यावर पोचत नसेल तर क्षमता कमी धरायची, किती ते बनवणाऱ्याला विचारायचं. एका ग्रुपने हिरवा पट्टा स्वतःच स्टिकर लावून खाली सरकवला असं याच पत्रात लिहिलंय. तो स्टिकर आजच काढा.

प्रश्न : रोज सकाळी नेमकं काय तपासायचं? सुपरवायझर म्हणतात चालू करून बघितलं की झालं.

चालू करून बघितलं म्हणजे मोटर फिरते एवढंच कळलं.

बोट पॅडच्या कडेवरून फिरवा, डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला लागते. रबर कडक झालंय का, दाबून बघा. मग गुळगुळीत, स्वच्छ, कोरड्या काचेवर किंवा पॉलिश प्लेटवर लिफ्टर लावा, पूर्ण व्हॅक्यूम करा, पंप बंद करा आणि चहा पिऊन या. दहा मिनिटांनी काटा किती खाली आला ते बघा, मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये असते. एकदम घसरला तर पॅड, होज, जोड, चेक व्हॉल्व्ह या क्रमाने शोधा. फिल्टरमध्ये काचेची भुकटी, सिमेंट, पाणी साठतं, ते काढा. अलार्म खरंच वाजतो का, पॅडखाली मुद्दाम फट ठेवून बघा.

पॅड धुवायला साबणाचं पाणी पुरे. थिनर, पेट्रोल नको, रबर खातं. आणि 'चमक यावी म्हणून' कोणी सिलिकॉन स्प्रे मारत असेल तर त्याच्या हातातून डबा काढून घ्या, सगळी पकड जाते.

आणखी एक, हे माझ्याच चुकीवरून. सुरुवातीच्या दिवसात पॉलिश ग्रॅनाइटचा स्लॅब उचलला, त्यावर प्लास्टिकची संरक्षक फिल्म होती, मला वाटलं गुळगुळीत आहे, उलट बरंच. काटा झकास वर गेला, अलार्म गप्प. पॅडने फिल्म अगदी घट्ट धरली, आणि फिल्मने स्लॅबला सोडलं. जेमतेम फूटभर वर होता म्हणून एक कोपरा तुटला एवढ्यावर भागलं. तेव्हापासून फिल्म, स्टिकर, सुटलेला रंग, गंजाची पापुद्रे, सगळं आधी काढतो. आणि कुठलाही भार असो, पहिल्यांदा वीतभरच उचलतो, थांबतो, काटा बघतो, मग पुढे.

प्रश्न : भार हलू नये म्हणून खालून हाताने धरलं तर चालेल ना?

नाही. कडेला दोरी बांधा आणि लांबून धरा. आणि वारा असेल तर मोठी काच क्रेनवर घ्यायचीच नाही, ती शिडासारखी फिरते आणि दोरी धरणारा माणूस तिच्याबरोबर.