मॅक्युलर होलचं ऑपरेशन ठरलंय, खेड्यातल्या घरी आईची तयारी कशी करावी?

भाऊ, तुमच्या प्रश्नाचा मतलब मी असा घेतला: आई साठीच्या पुढची, एका डोळ्यात मॅक्युलर होल, ऑपरेशन नागपुरात ठरलं, नंतर काही दिवस मान खाली घालून राहायला सांगितलं, आणि तुमच्या खेड्यातल्या घरात हे जमेल कसं याची काळजी. माझं हेच ऑपरेशन झालं आहे. मी दारव्हा तालुक्यातली, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतीलच, मी घरचं सांगते.

मान खाली का घालायची, हे आधी घरातल्या सगळ्यांना समजावून द्या. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथून आपण अक्षर वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथं बारीक छिद्र पडलेलं असतं. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो. वय झालं की तो आकसतो आणि पडद्यापासून सुटताना मधल्या जागेला ओढून धरतो. बहुतेकांना त्यातूनच छिद्र पडतं. ऑपरेशनमध्ये ती जेली काढतात, छिद्राभोवतीचा अगदी पातळ पापुद्रा सोलतात आणि डोळ्यात गॅस भरतात. गॅस वर चढतो. मान खाली घातली की पडद्याची ती जागा वरच्या बाजूला येते आणि गॅसचा बुडबुडा छिद्रावर टेकून राहतो, मग कडा जुळतात. माझ्या सुनेला एवढं कळलं आणि तिनं मला काही सांगायला कधी मान वर करायला लावली नाही, ती स्वतः खाली बसून बोलायची.

तयारी ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सुरू करा. बाजेवर पालथं झोपवू नका, झोळ पडतो आणि कंबर धरते. जमिनीवर जाड गादी टाका. गुडघे दुखत असतील तर सपाट दिवाण बरा. तोंडासाठी मी जुन्या लुगड्याची मोठी चुंबळ करून घेतली होती. कपाळ आणि गाल कडेवर टेकतात, डोळा पोकळीत राहतो आणि नाकाला श्वास घ्यायला जागा मिळते. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काहीच टेकता कामा नये, एवढं मात्र बघा. छातीखाली एक उशी घातली की मानेवरचा ताण कमी होतो. दिवसा सारखं झोपून होत नाही. म्हणून खुर्चीत बसून समोरच्या पेटीवर उशी ठेवायची आणि त्यावर कपाळ टेकायचं, अशी दुसरी जागा तयार ठेवा. आईला दोन्ही जागांवर आधीच थोडा थोडा वेळ बसवून पाहा, म्हणजे कुठं दुखतं ते कळेल.

किती दिवस आणि तासातून किती वेळ सुट्टी, हे तुमच्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या. छिद्र लहान असेल, म्हणजे साधारण ४०० मायक्रॉनच्या (०.४ मिलिमीटरच्या) आत, तर काही डॉक्टर फार पालथं ठेवत नाहीत, मोठं असेल तर तीन ते सात दिवस सांगतात. शेजारणीला दोन दिवस आणि आपल्याला सात, असं का, हा घोर लावून घेऊ नका. उताणं झोपणं मात्र गॅस असेपर्यंत सगळ्यांनाच मना असतं.

जेवण आपल्याकडं सोपं आहे. खाली बसून, ताट पुढ्यात, मान खालीच. पाण्या-चहासाठी नळी आणा. अंगावरून आंघोळ करा, डोक्यावरून पाणी नको, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका. चुलीचा धूर, अंगणातला झाडू, घरात साठवलेल्या कापसाची तूस, या तिन्हींपासून आईची खोली दूर ठेवा. थेंब टाकायचं काम एकाच माणसाकडं द्या. हात साबणानं धुवून, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडून. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावायची.

पाहुण्यांचं बोलते, कारण खेड्यात हेच जड जातं. माणसं प्रेमानं येतात, दारात उभी राहून “काकू, कसं वाटते आता?” म्हणतात आणि पेशंटची मान आपोआप वर जाते. येणाऱ्याला आधी खाली बसवा, मग बोलू द्या.

ऑपरेशन वेचणी झाल्यावर करू, असा विचार घरात असेल तर तो सोडा. छिद्र महिन्या-महिन्यानं रुंदावू शकतं. ताजं आणि लहान असताना ते मिटण्याची शक्यता जास्त असते. कोणी म्हणेल, पडद्याला छिद्र म्हणजे आता काही उपाय नाही. आधी खरंच नव्हता. १९९१ साली अमेरिकेतल्या डॉ. केली आणि डॉ. वेंडेल यांनी या ऑपरेशनचे निकाल मांडले, तेव्हा निम्म्याहून थोडी जास्त छिद्रं मिटली होती. आता दहातली नऊ मिटतात.

डॉक्टरांना विचारायचं असं: कोणता गॅस? एसएफ६ साधारण दोन-तीन आठवडे राहतो, सी३एफ८ सहा ते आठ. मोतीबिंदू झालेला आहे का? नसेल तरी या ऑपरेशननंतर तो लवकर वाढतो, म्हणून काही जण दोन्ही सोबतच करतात. रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर आधीच सांगा. पैशाचं म्हणाल तर तारीख घेण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डोळ्याचा दाब पाहतात, म्हणून पहिले दिवस नागपुरातच नातेवाइकाकडं थांबा. परत येताना एसटीपेक्षा गाडी बरी, मागच्या सीटवर मांडीवर उशी घेऊन. गॅस असेपर्यंत विमान नाही आणि घाटही नाही. नागपूर ३०० मीटरच्या आसपास आहे, चिखलदरा १,१०० मीटरच्या. उंचावर गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. तुमचं गाव मेळघाटात वर असेल तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय निघू नका. दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालत नाही. हे चिठ्ठीवर लिहून ती आईच्या बटव्यात ठेवा.

दिसण्याबद्दल आईची मनाची तयारी करा. पट्टी निघाली की जवळजवळ काहीच दिसत नाही, हात हलला तेवढा कळतो. मी घाबरले होते, आणि डोळा गेला म्हणणारी माणसं गावात असतातच. गॅस कमी होऊ लागला की वरून दिसायला लागतं आणि मधे एक आडवी रेघ हलते, गवंड्याच्या लेव्हल ट्यूबमधल्या पाण्यासारखी. रेघ दिवसेंदिवस खाली जाते, शेवटी छोटे बुडबुडे राहतात आणि तेही विरून जातात. खरी नजर त्यानंतर काही महिने सुधारत राहते. मला आता चष्मा लावून पोथी वाचता येते, तुरीची डाळ निवडता येते, दाराची चौकट सरळ दिसते. सुईत दोरा ओवायला अजून दुसऱ्या डोळ्याचा आधार लागतो. छिद्र मिटलं तरी नजर पहिल्यासारखी होईलच असं नाही, हे आईला आधीच सांगा.

डोळा जोरात दुखून डोकं धरलं, उलटी झाली, लाली वाढत गेली, घाण आली, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. गावात थेंब विचारत बसू नका, ऑपरेशन केलं तिथं फोन करून निघा.

आणि चांगल्या डोळ्यावरही लक्ष ठेवा. काही जणांना पुढं त्यातही छिद्र पडतं. अधूनमधून एक डोळा झाकून आईला चौकडीच्या वहीचं पान बघायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या की लगेच तपासणी.